काळ्या पट्ट्याचा कॅमेरा

गुरुपादप्पांनी आपल्या बंद झालेल्या फोटोच्या दुकानातला, डार्करूममधला फोटो मोठे करायचा एन्लार्जर फुटक्या कूलरबरोबर भंगारवाल्याला वजनावर दिला, आणि त्यानंतर लोक एन्लार्जर विचारायला लागले. कधी पुण्याहून फोन, कधी हैदराबादहून. फोटो धुवायचा हायपो आहे का, लाल बल्ब आहे का, रोलचा कॅमेरा चालू आहे का. एका पोराने तर काकुळतीला येऊन विचारलं, "काका, फोटोत दाणे येतात ना?"

फोटोत रव्यासारखे दाणे येतात म्हणून गुरुपादप्पांनी लातुरात जन्मभर गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती. "येतात की, भरपूर येतात," असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "गंगम्मा, आपलं वाईट काम आता चांगलं ठरायलंय."

"मग माझ्या सैपाकालाबी येतील फोन," गंगम्मा म्हणाली.

फोनवरची माणसं फोनवरच राहिली. प्रत्यक्ष आली ती शिवांगी, अर्धापूरची, केळीचा घड घेऊन. नांदेडला ती लग्नाचे फोटो काढायची. लोकांना आता मोबाईलसारखे स्वच्छ फोटो नको झाले होते, आजोबांच्या लग्नातल्यासारखे हवे होते. मुदखेडचं एक लग्न तिने रोलवर काढून द्यायचं कबूल केलं होतं आणि तिचा कॅमेरा ऐनवेळी बंद पडला होता.

"अप्पा, कुठं कुठं हिंडून राहिले मी. चालू असलेला एक तरी द्या."

गुरुपादप्पांनी पत्र्याची पेटी उघडली. आत दोन कॅमेरे होते, एकाच जपानी कंपनीचे सख्खे भाऊ. एकाला लाल पट्टा, एकाला काळा. त्यांनी लाल पट्ट्याचा काढून मखमलीच्या फडक्यासकट तिच्या हातात दिला.

"लग्नाचा हाय. निम्म्या लातूरची लग्नं ह्यानंच काढली."

शिवांगीने तो उजेडाला धरला. भिंगाच्या आत कोळ्याचं जाळं असावं तशी बुरशी पसरली होती. बटण दाबलं, आतला पडदा अर्ध्यावर अडकला. तिने मागचं झाकण उघडून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"अप्पा, हे कुंकू हाय?"

होतं. दर दसऱ्याला गुरुपादप्पा त्या कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहायचे, वर नारळाचं पाणी शिंपडायचे. दुकान बंद झाल्यावर काम राहिलं नाही, पूजा तेवढी राहिली. इतक्या वर्षांच्या भक्तीपुढे जपानी यंत्र टिकलं नव्हतं.

"आणि तो दुसरा?" तिने विचारलं.

"तो नको."

पण तिने उचललाही. खटकन बटण वाजलं. भिंग आरशासारखं होतं. त्याची पूजा कधी कुणी केली नव्हती, म्हणून तो ठणठणीत होता.

"अप्पा, हाच पाहिजे मला! लग्नासाठी देवानंच ठिवलाय."

गुरुपादप्पा "च्या घे" म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांना तो कॅमेरा द्यायचा होता. कुणाच्या तरी हातात तो पुन्हा वाजावा, एवढीच इच्छा उरली होती. आणि तो काय काम करायचा हे सांगितलं तर पोरगी हात धुऊन अर्धापूर गाठेल, हेही त्यांना दिसत होतं.

त्यांच्या समाजात माणूस गेला की त्याला बसवतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, पाठ ताठ. मग फोटोवाल्याला बोलावणं जायचं. पुष्कळांचा तो जन्मातला पहिला फोटो असायचा. काळा पट्टा त्या कामाचा. लग्नाचे फोटो ठरवायला आलेली माणसं दुकानात भाव नंतर विचारायची. आधी पेटीत वाकून पट्ट्याचा रंग बघायची.

"सांगू का नको?" त्यांनी हळूच विचारलं.

गंगम्माने चहात साखर टाकली. "आपल्या अंबिकाच्या लग्नाची पहिली पत्रिका कुणापुढं ठिवली होती?"

"तुझ्या मामंजीच्या. फोटोपुढं."

"तो फोटो कोणत्या पट्ट्याचा?"

गावातल्या झाडून सगळ्या लग्नघरांत भिंतीवरून ती बसलेली माणसं बघत होती. त्यांना हळदीचं बोट लावल्याशिवाय मांडवाला हात लागत नव्हता.

"तरी बी सांगा," गंगम्मा म्हणाली. "तिच्या गळ्यात पडणाराय तो पट्टा."

त्यांनी सांगितलं. मांडीवरच्या कॅमेऱ्यावरून शिवांगीचा हात आपोआप उचलला गेला. चहा निवला, साय धरली.

"म्हंजी ह्याच्यापुढं जितं माणूस कधी बसलंच न्हाई?"

"न्हाई. लई सोपं काम होतं. 'हलू नका' म्हणायची गरज पडली न्हाई कधी."

हसायचं नव्हतं तरी शिवांगी हसली. मग पिशवीतून तिने रोल काढला आणि कॅमेऱ्यात भरला. "मग पैले तुम्ही बसा, अप्पा. मुदखेडच्या नवरीच्या आधी कुणीतरी जितं बसाया पाहिजे."

गुरुपादप्पांनी टोपी नीट केली आणि खुर्चीत बसले. सवयीने पाठ ताठ झाली, हात मांडीवर गेले, नजर थिजली. जन्मभर त्यांनी समोर तेच पाहिलं होतं.

"अवं," गंगम्मा दारातून ओरडली, "घाई काय हाय इतकी? हला जरा!"

ते हसून तिच्याकडे वळले आणि नेमकं तेव्हा खटकन वाजलं. घरात उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा हळू पडणारा.

कॅमेरा अर्धापूरला गेला. जाताना शिवांगीने नव्या कूलरखाली पाणी धरायला ठेवलेला डार्करूमचा ट्रेही मागून नेला, तेव्हापासून ओसरीत पाणी साचतं. मुदखेडचं लग्न झाल्यावर तिने पाकीट पाठवलं. आत गुरुपादप्पांचा फोटो. एका चेहऱ्याचे तीन चेहरे झालेले, टोपी तिसरीकडेच. पाठीमागे लिहिलं होतं: 'अप्पा, माफ करा, तुम्ही हललात. पुन्हा काढते.'

असा फोटो गुरुपादप्पांनी स्वतः कधी गिऱ्हाइकाला दिला नसता. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात पुन्हा पुन्हा बघितला. दाणे भरपूर आले होते.

मग त्यांनी मामंजींच्या फोटोशेजारी खिळा ठोकून तो टांगला.

"हार घालू का?" गंगम्माने विचारलं.

"थांब की," गुरुपादप्पा म्हणाले. "हलून ऱ्हायलोय अजून."