खोगिरावरचा आळ

रोगी बरा झालेला पाहून वैद्यालाच घाम फुटावा, असे जगात फारसे घडत नाही. परंतु त्या सकाळी पागेच्या मैदानात मणकेमास्तरांना तो फुटला. अबलख घोडी त्यांच्यासमोर दुडक्या चालीने गोल फिरत होती. आधी डावीकडून, मग उजवीकडून. गेले कित्येक महिने उजवीकडे वळताना तिची पाठ वाळल्या चामड्यासारखी ताठ होई आणि मागचा पाय आखडे. आज त्यातले काहीच नव्हते. ती ओल्या वेतासारखी वाकली, आणि मोतद्दाराने दोर ढिला सोडताच फुरफुरत उभी राहिली.

"पाहिलंत मास्तर?" पागेच्या मालकीणबाई कुंपणावर हात टेकून म्हणाल्या. "तुम्ही तिकडे तापाने पडलात आणि इकडे तुमच्या उपचाराला फळ आलं. उशिरा का होईना, तुमच्या हाताला गुण येतोच."

मास्तरांनी ती शाबासकी मान लववून घेतली.

त्यांच्या दारावर 'कायरोप्रॅक्टिक व इतर पूरक उपचार, फक्त घोड्यांसाठी' अशी पाटी होती. 'फक्त' हा शब्द त्यांना पुढे जाड अक्षरांत करून घ्यावा लागला, कारण पाठदुखीने बेजार झालेली माणसेही येऊन निमूट ओणवी उभी राहू लागली होती. हाडात वा खुरात दोष नाही असे पशुवैद्याने सांगितल्यावरच मास्तर घोड्याला हात लावीत. मग मणक्यांना नेमका दाब देणे, स्नायू मळणे, शेकणे, क्वचित सुया टोचणे. या विद्येचा पहिला नियम ते ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत: जेवढा दाब डावीकडून, तेवढाच उजवीकडून. डावीकडे डावा हात, उजवीकडे उजवा.

आणि थंडीत त्यांचा उजवा खांदा आखडला होता.

हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. दुसऱ्यांच्या सांध्यांवर पोट भरणाऱ्याने स्वतःच्या सांध्याविषयी कण्हावे, हे त्यांना न्हाव्याने आपलेच वाढलेले खुंट मिरवण्यासारखे वाटे. ते स्टुलावर चढून घोडीला डावीकडून जोमाने दाब देत. मग स्टूल उचलून उजवीकडे नेत, चढत, आणि तिथे हात नुसता फिरवत. स्टूल नेण्यात मात्र त्यांनी कधी कसूर केली नाही. घोडीच्या कमरेत डावीकडे गाठ धरू लागली, तेव्हा त्यांनी ती डोळे मिटून चाचपली आणि निवाडा दिला: खोगीर.

ते खोगीर शिवले होते त्यांच्या बायकोच्या धाकट्या भावाने. पागेतली सगळी खोगिरे त्याच्याच हातची.

"भाऊजी, माझी भरती हाताने पिंजलेल्या लोकरीची असते," तो तेव्हा उसळला होता. "खोगीरभरती म्हणून नावं ठेवावीत अशी चीज फक्त तुमच्या बोलण्यात सापडते."

"घोडीची पाठ खोटं बोलत नाही."

"पाठ नाही हो बोलत! पाठीच्या वतीने बोलणाऱ्याचं काय?"

तरी बिचाऱ्याने खोगीर उसवले, भरती बदलली, पुन्हा शिवले. गाठ वाढली. त्याने ते पार सांगाड्यापर्यंत सोलून काढले. शेवटी मास्तरांनी घोडीवर खोगीर चढवणेच बंद करवले आणि उघड्या पाठीवर उपचार चालू ठेवले. गाठ वाढतच राहिली. खरे घोडे पेंड खात होते ते इथे. आता पाठीवर खोगीर नव्हते, स्वार नव्हता. तिथे पडत होता तो केवळ मास्तरांचा डावा हात. हा विचार त्यांच्या उंबऱ्याशी येऊन अनेकदा उभा राहिला, पण मास्तरांनी त्याला आत घेतले नाही. पुढे तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा तो न विचारता उशाशी येऊन बसला. आज घोडीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "राग मानू नका, पण यापुढे इथलं एकही खोगीर तुमच्या मेहुण्याकडे जाणार नाही. सामान न्यायला बोलावलंय त्याला."

मेहुणा सामानखोलीतून बाहेर आलाच. खांद्यावर सोललेल्या खोगिराचा सांगाडा, हातात चामड्याच्या पट्ट्या. मास्तरांना वाटले, आता टोमणा येणार. त्यासाठी त्यांनी मनातल्या मनात पाठ पुढे केली.

"ताप उतरला ना भाऊजी?" तो खाली बघत म्हणाला. "ताई काळजीत होती."

एवढेच. मास्तरांना ते चाबकाहून लागले.

"बाई," ते म्हणाले, "दोष खोगिराचा नव्हता, माझा होता. माझा उजवा खांदा चालत नाही. मी घोडीला एकाच बाजूने दाबत राहिलो. गाठ मीच केली. मी यायचा थांबलो म्हणून ती बरी झाली."

बाई खळखळून हसल्या. "बायकोने दम भरलेला दिसतोय! मेहुण्यासाठी माणूस काय काय अंगावर घेतो! नाही मास्तर, मन मोठं आहे तुमचं."

मास्तर थिजले. सत्य सांगून झाले होते आणि अब्रू उलट वाढली होती. खरे बोलल्याचे पुण्य आणि खोटे टिकल्याचा लाभ, दोन्ही एकाच पदरात. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना वाटले, आपले काम झाले. आता घरी जावे.

"राहू द्या भाऊजी," मेहुणा हलकेच म्हणाला. "माझ्यासाठी खोटं बोलू नका."

मास्तर वळले आणि कुंपणाशी पडलेले आपले स्टूल डाव्या हाताने ओढत घोडीच्या उजव्या बाजूला घेऊन गेले. वर चढले. हात उगारला. घोडी खालचा ओठ लोंबता सोडून पेंगत उभी होती. तिने कानही हलवला नाही. मग ते उतरले, स्टूल डावीकडे ठेवले, चढले. हात उगारला. तो अजून हवेतच होता. घोडीचे कान मागे पडले, कमरेवरची कातडी थरथरली, पाठ खाली दबली आणि ती अंग चोरून पलीकडे सरकली. मास्तरांनी पुन्हा उजवी बाजू दाखवली: घोडी स्वस्थ. पुन्हा डावी: घोडी सरकली.

"उजवीकडे मी तिला कधी दुखवलं नाही," स्टुलावर उभे राहूनच ते म्हणाले, "कारण उजवीकडे मी काही केलंच नाही."

बाईंचे हसू केव्हाच मावळले होते. "आणि मी गावभर तुमचं नाव सांगत फिरले," त्या म्हणाल्या. मोतद्दाराच्या हातातून दोर घेऊन त्यांनी घोडीला आपल्याजवळ ओढले. "ते खोगीर ठेवा इथेच," त्या मेहुण्याला म्हणाल्या. "तुम्ही मात्र, मास्तर, मी बोलावल्याशिवाय येऊ नका."

मेहुण्याने सांगाडा कुंपणावर ठेवला, पण तो आनंदलेला दिसला नाही.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," तो म्हणाला. "किती वेळा उसवलं मी ते!"

"माहीत आहे रे."

"नाही माहीत. पहिल्यांदा उसवलं ते तुमच्यावर चिडून. नंतर मात्र मला खरंच वाटायला लागलं, आपला हात बिघडला. तेव्हापासून एक टाका बिनघोर घातलेला नाही मी, भाऊजी. कोणाच्याच खोगिराला."

 मास्तर स्टुलावरून उतरले.

"ताईला कोण सांगणार?" मेहुण्याने विचारले.

"मी."

"मग मी जेवायला येतो. तेवढं तरी मला समोर बसून ऐकायचंय."

तो पुढे निघाला. फाटकाकडे जाणारी सरळ वाट घोडीच्या डाव्या अंगाने होती. मास्तर तिच्याकडे पाहत थबकले. तिचा एक कान त्यांच्याकडे वळलेलाच होता. त्यांनी स्टूल तिथेच सोडले आणि सगळ्या मैदानाला लांब वळसा घालून, तिच्या उजवीकडून, ते बाहेर पडले.