तीन नंबरच्या खुर्चीवर चौघं

माझी थोरली जाऊ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. घरात तिचं ऐकायचं आणि कामावरही तिचंच. डायलिसिस सेंटरची नोंदणीची वेबसाइट तिने बांधली, मला तिथे चिकटवलंही तिनेच, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, मी शेजारी बसलेली असताना.

सकाळी आठला दुसऱ्या दिवसाच्या नोंदी उघडल्या की साइट रखडायची, कारण सगळा भार एकाच वर्करवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच प्रतीवर. सेटिंगच्या फाइलमध्ये थोरलीने लिहून ठेवलं होतं, 'वर्कर एकच ठेवणे. मला विचारल्याशिवाय बदलू नये.' ते 'विचारल्याशिवाय' माझ्या डोक्यात गेलं. ती रजेवर गेली त्या सकाळी मी ती ओळ पुसली आणि एकाचे चार वर्कर केले. साइट पळायला लागली. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तीन नंबरच्या खुर्चीसाठी चार माणसं हजर. चौथे आमचे सासरे.

"वर्कर किती केलेस?" रजेवरून परतलेल्या थोरलीने विचारलं.

"चार. तुम्ही नव्हता."

"फोन होता ना माझ्याकडे."

मग तिने मॅनेजरला समजावून सांगितलं, मला वगळून. खुर्च्यांची यादी वर्करच्या स्वतःच्या मेमरीत असते. चार कारकून, चार वह्या, दुसऱ्याच्या वहीत कुणीच बघत नाही. चौघांनीही तीन नंबर रिकामा समजून देऊन टाकला.

सिस्टर दारातून म्हणाली, "पहिली नोंद कुणाची तेवढं सांगा. बाकीच्यांना दुसऱ्या सेंटरला पाठवते, दीड तास लागेल. एक बाई म्हणतायत, त्यांनी काल आठच्या ठोक्याला केली. पाय बघा त्यांचे, किती सुजलेत."

"वेळा अजून मेमरीत आहेत," थोरली म्हणाली. "चारही याद्या वाचून काढते. दहा मिनिटं द्या. तोवर काही बंद करू नका." मग माझ्याकडे वळून, "तू तर हातच लावू नकोस."

सगळ्यांसमोर. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी माझ्या टेबलाशी गेले, चाराचा परत एक केला आणि सर्व्हर बंद करून चालू केला. आपलं आपण निस्तरायचं, हिच्या हाताखाली नाही, एवढंच डोक्यात होतं.

बंद होताना वर्कर आपली यादी फाइलमध्ये लिहून ठेवतो. एक होता तोवर ठीक होतं. आता चौघं त्याच फाइलवर लिहायला गेले, प्रत्येकाने आधीच्याची यादी खोडली आणि शेवटी बंद झालेल्याची तेवढी उरली. थोरली ओरडली नाही. कीबोर्डवरचे हात तिने मांडीवर घेतले.

उरलेल्या यादीत तीन नंबरपुढे बाबांचं, म्हणजे आमच्या सासऱ्यांचं नाव होतं. वेळ आठ वाजून अकरा मिनिटं.

सिस्टरने ते बाहेर वाचून दाखवलं. ती बाई भांडली नाही. भिंतीला धरून उठली आणि चपलेत न मावणारा पाय तसाच ओढत दाराकडे निघाली.

बाबा खुर्चीत बसले होते, बाही वर केलेली. "धाकटे," ते म्हणाले, "त्या बाई आधीच्या असतील तर सांग. मी उठतो. मला गाडीत बसून जाता येईल, त्यांना जमेल असं वाटत नाही."

मी थोरलीकडे पाहिलं. आता ही मला तोंडघशी पाडणार, अशी माझी खात्रीच होती. तिची नजर दाराकडे होती, त्या बाईंच्या पाठीवर.

"तुमचाच नंबर आहे, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला आणि सिस्टरने सुई टोचली. थोरली जाता जाता माझ्याजवळ थांबली.

"घरी मी कुणाला काही बोलणार नाही," ती हळूच म्हणाली. "फक्त यापुढे बाबांना इथे तू आणायचं. दर वेळी. ते त्या बाईंची चौकशी करतील, तेव्हा काय सांगायचं तेही तूच ठरव."