लांब नूडल्सचा मान

सिदोआर्जो गावातल्या त्या नूडल कारखान्यात मशीन सांभाळणारे वीरात्मो, सगळ्यांचे 'पाक' म्हणजे काका, दर वर्षी नव्या करारावर सही करायचे. आणि दर वर्षी मालक बुंतोरो, सगळ्यांचे 'कोह' म्हणजे थोरले दादा, त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की कायम करू!" खांदा झिजत आला, नोकरी काही कायम होईना.

यंदा मात्र संधी आपण होऊन दारात आली. नूडल्स आखूड पडायला लागल्या. नूडल्स वाहणाऱ्या पट्ट्याच्या रुळावर एन्कोडर असतो. पट्टा सरकला की तो विजेचे ठोके पाठवतो, कंट्रोलर ते मोजतो आणि सुरीला म्हणतो, काप. शेजारी बसवलेल्या नव्या मोटरमुळे तारेत खोटेच ठोके घुसत होते आणि सुरी उतावळी झाली होती. वीरात्मोंनी कंट्रोलरमधली ठोक्यांच्या वेगाची वरची मर्यादा खाली ओढली. यापेक्षा भरभर येईल तो ठोका मोजायचाच नाही. झालं, नूडल्स मापात!

मेख एकच. पट्टा फार पळवला तर खरे ठोकेही भरभर येणार आणि तेही केरात जाणार, सुरी खोळंबणार.

"मग कोहना सांगा की, वेग वाढवू नका म्हणून," हाताखालची पोरगी उतारी म्हणाली. सगळे तिला म्बाक, म्हणजे ताई म्हणत.

"सांगू गं म्बाक. मालकाला 'नको' म्हणायला मुहूर्त लागतो."

मुहूर्त लागला नाही, तांते लानी, म्हणजे लानीकाकू आल्या. सुराबाया शहरातल्या निम्म्या दुकानांना माल पुरवणारी बाई. त्यांना बघून कोहना चेव चढला. "आमची लाइन वाऱ्याला मागे टाकते, तांते! पाक, सोडा पूर्ण वेग!"

पाहुण्यांसमोर मालकाला नको म्हणायचं? त्यापेक्षा सुरीखाली बोट दिलेलं बरं. वीरात्मो वाकले, हसले आणि वेग सोडला.

नूडल्स वाढत गेल्या. हातभर झाल्या, दोन हात झाल्या, टेबलावरून लोंबल्या, जमिनीवर उतरल्या आणि तांतेंच्या नव्या सँडलला विळखा घालून बसल्या.

कोह लालबुंद झाले. "हे कुणी केलं?"

वीरात्मोंनी उतारीकडे बोट दाखवलं. करार संपत आला होता. "सेटिंग... म्बाक उतारीनं केलंय, कोह. नवीन आहे पोरगी. मी बजावलं होतं."



तांते खाली वाकल्या. एक नूडल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली, तरी तिचं शेपूट जमिनीवर. "अय्या! माझ्या लहानपणी वाढदिवसाला अशा असायच्या, जितकी लांब नूडल तितकं लांब आयुष्य. आता मिळतात मेल्या बोटभर, त्यात कसलं आलंय दीर्घायुष्य! बुंतोरो, मला ह्याच पाहिजेत. सगळ्या दुकानांना."

"म्हणून तर मुद्दाम काढल्या!" कोहनी क्षणात रंग बदलला. "म्बाक उतारी, हे डोकं तुझं?"

"नाही हो कोह, मी नाही केलं."

"बघा तांते, वळण!"

"खरंच नाही, देवाशप्पथ."

"शिकवलंय हो आईबापांनी," तांते विरघळल्या. "आमच्या सुना तर कौतुक व्हायच्या आधीच श्रेय घेऊन मोकळ्या."

ती आणखी एकदा नाही म्हणाली, तशी कोहनी तिला जागच्या जागी कायम केलं.

आता मात्र वीरात्मोंना राहवेना. "कोह... खरं सांगायचं तर ते मी केलंय."



"आत्ता तर तिचं नाव घेतलंत!" कोह ओरडले. "पोरीच्या तोंडचा घास ओढताय? या वयात? म्बाक, तूच सांग, कुणी केलं?"

उतारीनं वीरात्मोंकडे पाहिलं. मग मान खाली घालून, अगदी अदबीनं म्हणाली, "पाक मोठे आहेत. ते आधी म्हणाले तेच खरं धरा."

वीरात्मोंचा करार पुढे वाढला नाही. उरलेले दिवस ते लाइनकडे आस लावून बसले. कधीतरी बिघडेल, कुणीतरी धावत येईल, पाय धरेल. पण काही बिघडेना. मर्यादा त्यांनी इतकी नेमकी बसवली होती की पूर्ण वेगात प्रत्येक नूडल तेवढीच लांब निघायची. तिथं पुन्हा कुणी हात लावायची गरजच नव्हती.

शेवटच्या दिवशी फाटकावर पहारेकऱ्यानं त्यांना नूडल्सचं एक पाकीट दिलं. कंपनीतर्फे.

"दीर्घायुष्य लाभो, पाक. जुन्या पाकिटात मावत नव्हत्या, म्हणून मोडून कोंबल्यात."