ओरेस्तेचं तिकीट

इल्वाने पिशवीत दोन तिकिटं ठेवली, तेव्हा तिची नणंद नोर्मा दारातच उभी होती.

"दोन कशाला? की ओरेस्तेचं मी वापरू? माझं मी काढलंय, पण ते परत करता येईल."

"नाही," इल्वा म्हणाली.

"बरं बाई. आणि हे नवे बूट घालून येणार? चावतील."

ती तिकिटं इल्वाच्या नवऱ्याने, ओरेस्तेने, एप्रिलमध्ये आणली होती. लुक्काहून कास्तेलनुओवोपर्यंत आगगाडीने जायचं आणि येताना बसने, म्हणजे नदी दोन्हीकडून बघून होईल, असा त्याचा बेत. तासाभरावरची ती गावं चौतीस वर्षांत दोघांनी पाहिली नव्हती. कुठे पळून जातायत, म्हणायची दोघं. तिकिटं त्याने भिंतीवरच्या घड्याळामागे खोचली, आणि आठच दिवसांत कागदाच्या गिरणीतून तो इस्पितळात गेला, तिथून दफनभूमीत.

इल्वा रडली नाही. गावाने तिला धीराची ठरवलं. धीर कसला? पायाला मुंग्या आल्या की आपण चिमटा काढून बघतो, तशी ती अधूनमधून त्याचं कपाट उघडून बघे. काही होत नसे. ती कपाट बंद करून बटाटे उकडायला लावी.

इकडे गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या पेटीत तिकीट सरकवून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नाही तोवर तिकीट कोरं, प्रवास अजून व्हायचाय. ओरेस्तेचं एवढंच एक काम जगात बाकी होतं, आणि इल्वाला ते बाकीच ठेवायचं होतं.

लुक्काच्या फलाटावर नोर्मा पुढे चालत होती, बडबडत. इल्वाने पेटीत तिकीट सरकवलं. खट्. मग दुसरं. खट्.

ती हाताकडे बघत राहिली. हाताची तरी काय चूक? लग्नानंतर पहिल्याच प्रवासात ओरेस्ते शिक्का विसरला आणि भर गाडीत त्याने तपासनिसाची बोलणी खाल्ली. तेव्हापासून दोन्ही तिकिटं तिच्याकडे, सामान त्याच्याकडे. चौतीस वर्षं हात हेच करत आलेला. तिकिटावर जांभळी वेळ उमटली होती: नऊ बेचाळीस. तिथून सहा तास तिकीट चालणार.

नोर्माने मागे वळून पाहिलं. आधी पेटी, मग इल्वाचा चेहरा.

गाडीत तपासनीस आला. "दोन तिकिटं? दुसरे कुठे आहेत?"

"निघालेत," इल्वा म्हणाली.

"बारमध्ये अडकले असतील! नवऱ्यांना कॉफीच्या काउंटरपाशी सोडू नये, बाई." त्याने दोन्ही तिकिटांना भोक पाडलं. "सांगा त्यांना, चारच्या आत पोचा म्हणावं."

"सांगते."

खिडकीबाहेर कमानींचा जुना पूल गेला, पाण्यात अर्धा उलटा. नोर्मा म्हणाली, "बघ ना, बघ." इल्वाने बघितलं. दिसलं सगळं, पण डोळ्यांच्या आत गेलं नाही.

कास्तेलनुओवोत किल्ला होता, किल्ल्याला दार होतं, दारातून आत गेल्यावर माणसं आपापल्या भाज्या घेऊन घरी चालली होती. खानावळीत गव्हाच्या दाण्यांचं दाट सूप आलं. नोर्मा म्हणाली मीठ कमी आहे. इल्वाने सगळं संपवलं, आणि काय खाल्लं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चर्च पाहिलं. दुसरं चर्च पाहिलं. नदीवर उभं राहून नदी पाहिली.

नोर्मा सारखी घड्याळ बघत होती.

"बसला अवकाश आहे," इल्वा म्हणाली.

"बसचं नाही बघत मी."

बसथांब्याच्या बाकावर दोघी टेकल्या. थोड्या वेळाने नोर्मा हळूच म्हणाली, "झाले सहा तास. तीन बेचाळीस."

इल्वाने ओरेस्तेचं तिकीट काढून मांडीवर ठेवलं. नोर्माने ते उचललं, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळलं, अगदी भावासारखं. घरात येणारा प्रत्येक कागद तो असाच चोळायचा, लग्नपत्रिकासुद्धा.

"भिकार कागद," नोर्मा म्हणाली.

"आखूड धाग्याचा," इल्वा म्हणाली. "पण जाड आहे, म्हणाला असता."

"म्हणाला असता. आणि वर अर्धा तास समजावून सांगितलं असतं, मेल्याने." नोर्मा नाक शिंकरायला लागली.

इल्वा समोर बघत होती. मग ती खाली वाकली.

"नोर्मा, बूट चावतोय गं."

"कधीपासून?"

"सकाळपासून असेल. आत्ता कळलं."

तिने बूट काढला. टाचेवरचा फोड फुटून मोजा लाल झाला होता. दुखत होतं, चांगलंच दुखत होतं. नोर्माच्या हातातून तिने तिकीट घेतलं, दोनदा दुमडलं आणि टाचेमागे बुटात सरकवलं.

"अगं, त्याचं तिकीट ते!"

"पोचला ना तो," इल्वा म्हणाली, आणि उठून पाय टेकवून पाहिला. "आता मला घरापर्यंत जायचंय."

बस वळणावर दिसली. लंगडत, नोर्माच्या दंडाला धरून, ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.