चहातली पुडी

दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांना बुधाजीने जन्मभर अनवाणी पाणी लावलं आणि गोळी म्हणून कधी तोंडात घातली नाही. दोन्ही गोष्टींचा त्याला सारखाच ताठा. आता तालुक्याच्या दवाखान्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडला होता, खोकल्याबरोबर थुंकीतून रक्त येत होतं, तरी डॉक्टरीणबाईंना तेच ऐकवत होता. "औषध? आपल्याला ठावंच न्हाय."

त्याची बायको कमळ खाटेच्या पायथ्याशी उभी होती. त्याला ठाऊक नसलं तरी औषध त्याच्या पोटात रोज जात होतं. त्याच्या कमरेवर लाल रेघ उठायची, बघता बघता पुढे सरकायची आणि हा माणूस खाजवून खाजवून रक्त काढायचा. शेवटी तिने आठवडी बाजारातल्या वैदूकडून पुड्या आणल्या आणि गुपचूप सकाळच्या चहात ढवळू लागली. खाज पळाली, गुडघे मोकळे झाले, गाल भरले. "बघ, गोळीबिगर बरा झालो," म्हणून तो मिशीला पीळ भरायचा आणि ती मनातल्या मनात हसायची.

"थुंकीत जंतांची पिल्लं वळवळताहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओल्या मातीतून तळपायाने शिरतात आणि वर्षानुवर्षं आत वाढतात. रक्तातल्या काही पेशी त्यांच्याशी झुंजत असतात. खाज सुटायची ती त्या झुंजीचीच. पण यांच्या रक्तात त्या पेशी दिसतच नाहीत. राखणदारांना गुंगी दिल्यासारखं झालंय. हे काम स्टेरॉइडचं, आणि बाजारातल्या पुड्यांत ते सर्रास मिसळलेलं असतं. तसली पुडी, गोळी, काही घेतलंत? दमा समजून मीही तेच टोचलं, तर माणूस हातचा जाईल."

बुधाजीने जोरजोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही.

धरणीने पोटात घ्यावं असं कमळला झालं. सांगावं तर नवऱ्याला तोंड दाखवायची सोय नाही, न सांगावं तर नवराच नाही.

"अहो, मी घालीत होते," ती म्हणाली. "चायमदी."

बुधाजीने नळीसकट तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी रागावण्यात वेळ दवडला नाही. जंतांचं औषध सुरू करायला सांगितलं आणि कमळकडे वळून विचारलं, "या पुड्या आणखी कोणाला दिल्यात?"

दिल्या होत्या. थोरल्या जावेला, आवडाबाईला. तीही वाडीत अनवाणीच राबलेली, तिलाही तीच खाज. नवऱ्याला गुण आला म्हणून कमळने कौतुकाने, स्वतःहून नेऊन दिल्या होत्या.

"त्यांना आजच घेऊन या. पुडी एकदम बंदही करायची नाही, ते आम्ही बघू."

व्हरांड्यात येऊन तिने फोन लावला. आवडाबाईने उचलला तो हसतच.

"शंभर वर्सं आयुष्य हाय तुला कमळ, आत्ताच नाव काढलं. अगो, तुज्या पुडीनं जादू केली. खाज म्हणून न्हाय आता. जरा खोकला हाय, तो जाईल."

ती पुन्हा हसायला गेली आणि हसण्याच्या जागी खोकलाच आला. तो थांबेचना. कमळ फोन कानाशी घट्ट धरून "जाऊबाई, जाऊबाई" करत राहिली.