रानात नुसतंच

बोटाच्या पेराएवढा बाळहिरडा, हिरवा, कडक, देठाशी किंचित ओला... भागिरथीने तो उचलून पिशवीत टाकला आणि तिला स्वतःचाच राग आला. कशाला हवा होता तो? पण रानात आलेल्या माणसाच्या पिशवीत काहीतरी असावं लागतं, ही सवय आता अंगात मुरली होती.

अडुसष्ट साली ती रतनगडाच्या पायथ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली आणि पहिल्याच रविवारी रानात शिरली. वाटेत हिरडा वेचणाऱ्या राहीबाईने विचारलं, "काय आनाया चालल्या?" इथं जो तो काहीतरी आणायलाच रानात जातो — लाकूड, मध, हिरडा. चाळिशीकडे झुकलेल्या एकट्या बाईने, हिंडायला आलेय, असं कोणत्या तोंडाने सांगावं? "औषधी पाला," ती म्हणाली. झालं! त्या एका खोट्यापायी तीन वर्षं ती पाला वाहत होती. श्रावणात धुक्यात स्वतःचे हात दिसेनात तरी, भाद्रपदात सोनकीने पठार पिवळंधमक झालं तरी, माघात पायाखाली पानं चुरचुरत असली तरी... मन भरेपर्यंत बघून झालं, की परतताना दोन मुठी काहीबाही ओरबाडायचं.

आज मात्र पाय जड होते. थोरल्या भावाचं, काकासाहेबाचं, सोनईहून पत्र आलं होतं. 'इकडच्या दवाखान्यात जागा होतेय. उलट टपाली बदलीचा अर्ज पाठव. त्या रानात तुझं आहे तरी कोण?' कोणीच नव्हतं, तिथंच तर घोडं अडलं होतं. आईला वहिनी जिवापाड सांभाळते, हे त्यालाही ठाऊक. पण बहीण परमुलखात एकटी का राहते, हे त्याला चार लोकांत सांगता येत नाही. आणि भागिरथीलाही. मला इथं बरं वाटतं, दादा... पण हे काय कारण झालं?

"शिस्टरबाई, पिशवी आज हलकीच?" झाडाखाली वाकलेल्या राहीबाईने विचारलं.

भागिरथीला काय झालं कुणास ठाऊक. "मी पाल्यासाठी येतच नाही, राहीबाई. कधीच येत नव्हते. मी नुसतीच येते."

बोलून गेली आणि तिचे कान तापले.

राहीबाईचा वेचता हात थांबला नाही. "ठावं हाय की. दर ऐतवारी तुमी कुपाआड पाला टाकता, त्यो माज्या शेळ्या खात्यात. लई वाट बघत्यात तुमची."

भागिरथी हसत सुटली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "मग बोलला का नाहीत?"

"त्यात काय बोलायचं? आवडतं येकेकाला."

तीन वर्षं हिला ठाऊक होतं, बहुतेक साऱ्या वाडीलाच... आणि कुणी कारण मागितलं नव्हतं. भागिरथी दगडावर टेकली. पत्राला उत्तर तर धाडायलाच हवं होतं. दादा दुखावेल, आई तिकडे चार दिवस कुढत बसेल. जावं की राहावं, ते अजूनही ठरत नव्हतं. फक्त या वेळी खोटं कारण लिहायचं नाही, एवढं तिला कळलं — आणि त्या कळण्याचीच तिला जराशी भीती वाटली.