तुंजायसाठी कोफ्ते

तिसऱ्या दिवशीही साब्रियेनं सकाळीच खिमा मळायला घेतला. खाणीत वायूचा स्फोट होऊन तिचा मुलगा तुंजाय चौदा जणांबरोबर खाली अडकला होता. त्या दिवशी पाळीवर निघताना त्यानं कोफ्ते मागितले होते, आणि हिनं, कधी नव्हे ते, आज जमायचं नाही म्हणून त्याला उडवून लावलं होतं. तेच तिच्या जिवाला लागलं होतं. रोज ताजे करायचे, संध्याकाळी खाणीच्या तोंडाशी खपणाऱ्या माणसांना पाठवून द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा मळायला बसायचं. पोरगं वर आल्यावर त्याला शिळं कसं द्यायचं?

सून गुलजान म्हणाली, आई, आज राहू द्या. तर तिलाच ऐकून घ्यावं लागलं, की नवरा तिकडं उपाशी आणि हिला कंटाळा सुचतोय. ती बिचारी कांदा किसत बसली.

साब्रियेचं काम मात्र चोख. कांद्याचं पाणी घट्ट पिळून काढलं, शिळा पाव भिजवून कुस्करला, जिरं अंमळ जास्तच घातलं, कारण तुंजायला तसेच लागतात. खिमा हाताला चिकटेपर्यंत मळला आणि ओल्या हातानं बोटाएवढे चपटे कोफ्ते वळले. वर काढणाऱ्या मेल्यांचे हात चालतात तरी का, असं पुटपुटत तिनं पहिला घाणा तेलात सोडला.

तेवढ्यात तिला दुसराच वास आला. तिच्या आणि शेजारच्या मुनीरेच्या स्वयंपाकघराची खिडकी एकाच बोळात उघडते. तिकडून लोण्यात पीठ भाजल्याचा वास येत होता. आमच्याकडे कुणी वारलं, की शेजारणी मोठ्या पातेल्यात हलवा भाजायला घेतात, गल्लीभर वाटायला. साब्रियेनं स्वतः असे वीसपंचवीस तरी भाजले असतील. तिला कुणी सांगायला नको होतं.

ती तशीच अनवाणी शेजारी गेली. गुलजान गॅस बंद करून मागोमाग धावली. मुनीरे डोळे सुजवून पातेल्यात ढवळत होती. हिला दारात पाहून तिच्या तोंडचं पाणीच पळालं, पण हात थांबवता येईना. थांबला, की पीठ लागतं.

"कधी कळलं?"

"पहाटे. दुपारच्या नमाजानंतर इमाम येणार होते, ताई. तोवर सांगायचं नाही असं ठरलं. मला वाटलं, तुझ्या तळणात हा वास कळायचा नाही."

"आणि मी सकाळपासून कोफ्ते वळतेय, बये."

गुलजाननं दारातच टाहो फोडला. साब्रियेला वाटलं, मुनीरेचा गळा धरावा, घर डोक्यावर घ्यावं. पण अंगात काही उरलंच नव्हतं. पोरानं एक घास मागितला, तोही दिला नाही. आता जन्मभर मळत बसलं तरी भरवायचं कुणाला?

मुनीरेला हुंदका आला आणि तिचा हात थांबला. साब्रियेनं पुढं होऊन लाकडी डाव काढून घेतला.

"सर तिकडं," ती म्हणाली. "माझ्या पोराचा हलवा मी भाजते."